बोटीवरची खुर्ची

चिलोएच्या बेटांमधून आमची बोट महिन्यातून एकदा फिरते.
डॉक्टर एक, नर्स एक, आणि दातांची म्हणून मी.
इंजिनाला लागून माझी खुर्ची;
लाट आली की पेशंट आणि मी
एकाच बाजूला कलतो.

मार्चमध्ये एदेल्मीरा फळीवरून चढली,
सातवा सरत आलेला, नाकापर्यंत लोकरी मफलर.
मागून सासू, दोन्या ओर्तेन्सिया,
बादलीत शिंपल्या, फीच्या ऐवजी.

मफलर सुटला.
वरच्या दोन दातांच्या फटीतून उगवलेलं,
मुर्ता म्हणतात इथे त्या रानफळाएवढं,
गडद, ओलं,
श्वास लागला तरी रक्त सोडेल असं.

सफरचंद चावलं की सफरचंदच लाल होतं, ती म्हणाली.
सकाळी उशीवर गंजाचा डाग.
नवरा बघून गप्प.
शेजारीण गप्प नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही :
हिनं कुणाचं तरी वाईट चिंतलं, ते हिरडीतून बाहेर आलं.

मग एदेल्मीरा थांबली.
जो शब्द तिला विचारायचा होता
त्याच्या दारापर्यंत मला नेऊन उभी केली फक्त.
तो नाही, मी म्हणाले. तो नाही गं.

हातात आरसा दिला.
पोटात घर बांधायला घेतलंय ना,
तिथे रस्ते खोदायला निघालेली माणसं,
त्यातली दोन-चार वाट चुकली
आणि तुझ्या हिरडीत खोदत बसली.
आत नुसतं रक्त आहे. तुझंच.

कापा की मग.

ट्रेमध्ये कात्री होती.
पंचविशीत मी सगळंच कापत असे.
एका पोरीचं कापलं होतं असंच, वादळाच्या दिवशी,
दोन तास बोळे बदलत बसले,
आणि पुढच्या फेरीला ते परत जागेवर,
काही झालंच नाही अशा थाटात.
कात्री झाकली.
मऊ ब्रश, मिठाचं पाणी, आणि वाट बघ.

सासूनं तेवढ्यात खालचा ओठ पुढे केला.
मग हे माझं?
निळं-काळं, मण्यासारखं,
साठ वर्षं लुगा वेचताना खाल्लेलं ऊन आणि वारा.
मी काचेची पट्टी दाबली : मणी रिकामा.
उचलली : हळूहळू भरला.
ओहोटी, भरती, म्हातारी स्वतःशीच म्हणाली.
मग नको विचारता स्वेटर वर केला,
पोटावर लाल ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे.
हे तर माझ्या वयाचे, म्हणाली, मोजून घ्या.

एप्रिलमध्ये वादळ, बोट निघालीच नाही.
मेमध्ये ती कास्त्रोच्या दवाखान्यात, बाळंतपणाला.

जूनमध्ये आली. हिरडी गुळगुळीत, गुलाबी.
दुखणं येतं हत्तीच्या पावलानं, जातं मुंगीच्या, असं म्हणतात;
हे मुंगीच्या पावलानं आलं होतं,
कधी उठून गेलं तेही तिला कळलं नाही.
जीभ मात्र अजून त्या जागेवर जाते, ती म्हणाली,
कुणी राहून गेलेल्या खोलीत जावं तशी.

आणि शालीतून बाळाचं कपाळ काढलं.
डाव्या भुवईवर लाल, उठावाचं, खरखरीत,
जन्मतः नव्हतं, तीन आठवड्यांनी दिसायला लागलं.
इकडून तिकडे गेलं, एदेल्मीरा म्हणाली.
आणि हसली.
तिचे दात मी बारा वेळा मोजले असतील,
हसताना पहिल्यांदाच बघत होते.

इकडून तिकडे नाही गेलेलं, ही दुसरीच माणसं,
असं सांगणार होते. नाही सांगितलं.
वाढेल आधी, मग मधून पांढुरकं होईल,
शाळेत जाईतो विरून जाईल बहुधा.
बहुधा हा शब्द मी जरा मोठ्यानं म्हटला.
कारण भुवईखाली पापणी आहे.
डॉक्टरनं दोऱ्यानं मोजलं, वहीत लिहिलं,
दोन आठवड्यांत कास्त्रोला या, म्हणाला,
डोळा झाकला जायला नको.

हसू तिथेच थोडं अडकलं तिचं.
मग बाळाची शाल नीट केली.

बोट सुटली तेव्हा दोन्या ओर्तेन्सिया धक्क्यावर उभी होती.
अंगठा ओठावर दाबायची, सोडायची,
पुन्हा दाबायची,
पाणी किती चढलंय ते बघत.